वेगाचा मोह आणि आम्ही

कल्याणहून भिवंडीकडे निघालेल्या प्रवाशाने दुर्गाडी किल्ल्याजवळचा खाडीपूल ओलांडला, की पलीकडच्या तीरावर कोन हे गाव लागते. मूळचे हे आगरी बांधवांचे, भातखाचरांचे आणि खाडीच्या मासळीचे गाव. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती, गोदामे, गॅरेजे, टायरवाले आणि चहाच्या टपऱ्या यांची अशी दाटी झाली आहे की भातखाचर शोधावे लागते. आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे येथे राहतात. बहुतेक मंडळी नगर जिल्ह्यातून, आता ज्याला अहिल्यानगर म्हणावयाचे तेथून, पोटापाण्यासाठी आलेली. कोणी गोदामात हमाली करतो, कोणी ट्रक चालवतो, कोणी यंत्रमागावर असतो. दर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेसाठी ही मंडळी रजा मागतात आणि रजा मिळाली नाही तर खाडा करून जातात.

दिवसा या रस्त्यावर वाहनांची एवढी कोंडी असते की पायी चालणारा माणूस पुढे निघून जातो. मध्यरात्र उलटल्यावर मात्र हाच रस्ता मोकळा होतो. मोकळा रस्ता तरुण पोरांच्या कानात काय सांगतो हे आम्हांला चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कळले. कोनपासून रांजनोली नाक्यापर्यंत पाच मोटारसायकली निघाल्या. पैज होती बिर्याणीच्या एका ताटाची. चौघे पोहोचले. पाचवा आमच्याच धर्मग्रामातला, एकोणीस वर्षांचा, रस्त्याच्या कडेला दिवे न लावता उभ्या असलेल्या एका ट्रकवर मागून आदळला. पहाटे आम्ही रुग्णालयात गेलो तेव्हा अभ्यंगसंस्काराची वेळ टळून गेली होती.

दफनविधीच्या मिस्सेत आम्ही जे प्रवचन केले ते येथे लपवून ठेवण्यात अर्थ नाही, कारण वाचकांपैकी काहींनी ते ऐकलेले आहे. मंदिर तरुणांनी भरले होते. अशी संधी पुन्हा येणार नाही, असे आम्हांस वाटले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथाचा २२९० क्रमांकाचा परिच्छेद आम्ही त्यांच्यापुढे ठेवला. मद्यपानापायी किंवा वेगाच्या आवडीपायी जो स्वतःची व इतरांची सुरक्षितता धोक्यात आणतो त्याच्या माथी गंभीर दोष येतो, अशा आशयाचा तो परिच्छेद आहे. शवपेटीकडे हात करून आम्ही म्हणालो, "पाहा, या मोहाचे फळ हे असे असते." मुले माना खाली घालून बसली होती. प्रवचन चांगले झाले, असे आम्ही मनात म्हटले.

महिन्याच्या मिस्सेनंतर त्या मुलाची आई सॅक्रिस्तीच्या दाराशी येऊन उभी राहिली. रडली नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाली, "फादर, पोर चुकलं माझं. पण तुम्ही त्याला पेटीत असताना बोललात. त्याला उत्तर देता आलं नाही." एवढे बोलून ती निघून गेली. रविवारी येत राहिली, परंतु आमच्या हातून ख्रिस्तशरीर घेण्याऐवजी दुसऱ्या रांगेत, सहायक धर्मगुरूंकडे जाऊ लागली. आम्ही पाहिले न पाहिल्यासारखे केले. सेमिनरीत आम्हांला प्रवचनकला शिकविली, वादविवाद शिकविला. क्षमा कशी मागावी हा विषय अभ्यासक्रमात नव्हता, किंवा असेल तर त्या तासाला आमचे लक्ष नसावे.

त्या मुलाचा थोरला भाऊ कोनमध्येच एका गॅरेजात मिस्त्री आहे. अपघाताला वर्ष होऊन गेल्यावर तो एके संध्याकाळी आमच्याकडे आला आणि म्हणाला, "फादर, एक जुनी झेन घेतलीय, पस्तीस हजाराला. आशीर्वाद द्यायला याल का?" आम्ही विचारले, "कामावर जायला का?" "नाही, शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायला."

आम्ही त्याला जवळजवळ हाकलूनच दिले. ज्या घरातून एक शवपेटी निघाली त्याच घरातल्या मुलाने हे बोलावे, याचा आम्हांस संताप आला. तो दारातून वळून म्हणाला, "फादर, त्या रात्रीची बाकीची चार पोरं रोज गॅरेजवर येऊन बसतात. दोघं अजून रात्री रस्त्यावर जातात. रस्ता सोडा म्हटलं तर सोडत नाहीत. मग कुठं जायचं तेपण सांगायला लागतं ना?"

या प्रश्नाने आम्हांस दोन-तीन रात्री झोप लागू दिली नाही. आम्ही पुस्तके काढली, कारण आमच्यासारख्यांना संकटात प्रथम पुस्तकेच आठवतात. संत थॉमस अक्वायनस यांनी सुम्मात खेळालाही सद्गुणाची जागा दिली आहे. थकलेल्या मनाला खेळाची विश्रांती हवी आणि त्या खेळालाही मर्यादा हवी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख. धैर्याच्या प्रकरणात ते भ्याडपणाइतकेच अविचारी धाडसालाही दोष मानतात. म्हणजे प्रश्न वेगाचा नसून मर्यादेचा ठरतो. पण मर्यादा कोणी आखावी?

आमची ख्रिस्तसभा या प्रश्नाला पूर्वीही सामोरी गेली आहे. १२ मे १९५७ रोजी इटलीतील मिल्ले मिल्या या शर्यतीत गुइडिझ्झोलो गावाजवळ एका फेरारी मोटारीचा टायर फुटला आणि ती प्रेक्षकांत घुसली. चालक आल्फोन्सो द पोर्तागो, त्याचा साथीदार आणि नऊ प्रेक्षक ठार झाले. त्या नवांत पाच लहान मुले होती. ही शर्यत म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर धावणाऱ्या सुमारे हजार मैलांची. फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्यावर खटला चालला आणि १९६१ साली ते निर्दोष सुटले. दरम्यान १९५८ मध्ये त्यांचा आणखी एक चालक, लुइजी मुस्सो, फ्रान्समध्ये शर्यतीत मरण पावला. तेव्हा व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने फेरारींची तुलना आपलीच मुले गिळणाऱ्या पुराणातल्या शनिदेवतेशी केली. आमच्या त्या प्रवचनाचा सूर याहून फार निराळा नव्हता.

आता दुसरी बाजू पाहावी. फेरारींचा कारखाना ज्या मारानेल्लो गावात आहे तेथील धर्मगुरू दोन आल्बेर्तो बेर्नार्दोनी हे फेरारीने फॉर्म्युला वन शर्यत जिंकली, की आपल्या मंदिराची घंटा वाजवीत. हे वाचले तेव्हा आम्हांस प्रथम हसू आले. मग वाटले, त्या धर्मग्रामातील घराघरांतून माणसे त्या कारखान्यात कामाला जात असणार. त्यांचा आनंद तो मंदिराचाही आनंद. कोनमध्ये आमचे लोक इंजिनात हात घालून पोट भरतात आणि आम्हांला ब्रेक शू म्हणजे काय हेही धड ठाऊक नव्हते.

तात्पर्य, आम्ही गॅरेजवर गेलो.

गॅरेजचे मालक मुसलमान गृहस्थ आहेत. त्यांनी गाडीसाठी मागचा कोपरा मोकळा करून दिला होता आणि त्याचे भाडे घेत नव्हते. कोपऱ्यात ती झेन उभी होती. रंग उडालेली, मागच्या दरवाज्याला पोचा आलेला. १९९३ साली बाजारात आलेली मारुतीची ही छोटी मोटार, ९९३ सीसीचे इंजिन आणि पन्नासएक अश्वशक्ती. हिच्यावर शर्यत खेळणार, हे ऐकून आम्हांस गंमत वाटली. त्यावर त्या मिस्त्रीने आमचा एक वर्गच घेतला. भारतातील मोटारशर्यतींच्या बऱ्याचशा गोष्टी अशा लहान गाड्यांनीच घडविल्या आहेत. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८००चे इंजिन घालून एका आसनाची शर्यतीची गाडी बनविली आणि फॉर्म्युला मारुती हा वर्ग सुरू झाला. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन हा आरंभी याच गाड्यांवर शिकला. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले. कोइम्बतूरजवळचा करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा.

वाचकांना वाटत असेल की शर्यतीसाठी गाडी तयार करणे म्हणजे तिचा वेग वाढविणे. आमचीही तशीच समजूत होती. सहा महिने आम्ही आठवड्यातून एक संध्याकाळ त्या कोपऱ्यात जाऊन बसलो. त्या अवधीत इंजिनाला नवे प्लग, नवे तेल, नवा पट्टा आणि रेडिएटरची साफसफाई यांखेरीज कोणी फारसा हात लावला नाही. बाकी सारे काम होते गाडी थांबविण्याचे, धरून ठेवण्याचे आणि हलकी करण्याचे.

हलकी करणे सोपे. मागचे आसन, सतरंज्या, खालची डांबरी चादर, स्टेफनी, जॅक सारे काढले. चारही मुलांना हे काम फार आवडले, कारण मोडतोड कोणाला आवडत नाही! चौघांपैकी एकाने मात्र दोन आठवड्यांनंतर येणे बंद केले. तो अजूनही रात्री जातो असे ऐकतो. आम्ही घरी गेलो तर मागच्या दाराने निघून जातो.

टायरची गोष्ट सांगण्यासारखी आहे. एका विक्रेत्याने चार टायर अगदी स्वस्तात देऊ केले. नक्षी कोरी करकरीत. मिस्त्रीने टायर फिरवून अंगावरचे चार आकडे आम्हांस दाखविले. पहिले दोन आकडे म्हणजे वर्षातील कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे कोणते वर्ष. टायर नऊ वर्षांचे होते. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते, कडक होते. त्याने ते परत केले. आम्हांस गुइडिझ्झोलोची ती पाच मुले आठवली. आपल्या मोटारीच्या टायरवरचे ते चार आकडे आम्ही त्याच रात्री बॅटरी घेऊन वाचले. काय आढळले ते सांगत नाही, पण दुसऱ्या दिवशी टायर बदलले.

परंतु सर्वांत अधिक वेळ गेला तो ब्रेकवर. वेग दुप्पट झाला तर थांबण्याचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. हे गणित आम्ही शाळेत शिकलो होतो, पण तीसच्या जागी साठ आणि साठच्या जागी एकशे वीस घालून त्याने फरशीवर खडूने रेघा ओढून दाखविल्या तेव्हा ते पटले. शेवटची रेघ गॅरेजच्या बाहेर, रस्त्यापलीकडच्या टपरीपर्यंत गेली असती. मुले त्या रेघेकडे बराच वेळ पाहत होती. कोणी काही बोलले नाही.

गाडी थांबते म्हणजे तिची गती नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. पुढच्या चाकांच्या तबकड्या तापतात, ती उष्णता पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत जाते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते; म्हणून पाय खाली जातो आणि गाडी तशीच पुढे जाते. नेहमीचे डॉट ३ प्रकारचे ऑइल नवे असताना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, डॉट ४ प्रकाराचा दंडक २३० अंशांचा. हे ऑइल हवेतली ओल शोषते. पुरती ओल शोषली की हेच आकडे १४० आणि १५५वर येतात. आपल्या घरच्या गाडीत ते किती वर्षे बदललेले नाही, हा प्रश्न वाचकांनी आपापल्या मिस्त्रीला विचारावा.

नवे ऑइल घातल्यावर नळ्यांतली हवा काढावी लागते. गॅरेजात याला 'एअर काढणे' म्हणतात. या कामाला दोन माणसे लागतात. एकाने आसनावर बसून ब्रेक दाबून धरावयाचा, दुसऱ्याने चाकाशी बसून पान्याने निपल सैल करावयाचे. हवा व ऑइल बाहेर आले की निपल आवळावयाचे, मगच पहिल्याने पाय सोडावयाचा. निपल उघडे असताना पाय सोडला तर बाहेरची हवा पुन्हा आत ओढली जाते. पाय दाबण्याचे काम आमच्याकडे आले, कारण त्यासाठी अक्कल लागत नाही. "दाबा. धरा. सोडा." दीड तास आम्ही झगा वर खोचून एका मिस्त्रीच्या आज्ञा पाळल्या. आज्ञापालनाचे व्रत घेतल्याला तीस वर्षे होत आली, त्या मानाने बरे जमले.

मंडळींना कायद्याचीही दोन अक्षरे सांगणे भाग आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९व्या कलमानुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेस तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. गाडीच्या रचनेत कारखान्याच्या नमुन्याहून मनाजोगे फेरफार करून ती रस्त्यावर आणणेही त्याच कायद्याच्या ५२व्या कलमाला मान्य नाही. म्हणून आमची झेन ट्रॅकपर्यंत चालवीत न्यावयाची नव्हती, लादून न्यावयाची होती. ट्रॅक ठरला होता चेन्नईजवळचा.

येथे मुलांचे वडील पुढे आले. ते कोनच्या एका वाहतूकदाराकडे ट्रकवर आहेत. अपघातापासून त्यांनी या विषयावर चकार शब्द काढला नव्हता. चेन्नईकडे अर्ध्या मालाची खेप निघाली तेव्हा त्यांनी शेठजींना विचारून उरलेली जागा मागून घेतली. गोदामाचा ओटा ट्रकच्या फाळक्याइतकाच उंच असतो. झेन त्या ओट्यावरून ढकलत ट्रकमध्ये चढविली, चाकांना लाकडी ठोकळे लावले, दोराने आवळली. दोन मुले वडिलांबरोबर ट्रकने गेली. आम्ही, मिस्त्री आणि तिसरा मुलगा कल्याणहून आगगाडीने निघालो. स्थानकावर पाहतो तो आई पिशवी घेऊन उभी. "मीबी येते," ती मुलाला म्हणाली. "एकाचं काय झालं ते मला दुसऱ्यांनी येऊन सांगितलं. तुझं मी बघणार."

चेन्नईला पोहोचल्यावर आम्ही सर्वांना प्रथम सान्थोमच्या महामंदिरात नेले. प्रेषित संत थॉमस यांच्या कबरीवर हे मंदिर उभे आहे, अशी परंपरा आहे, आणि शहराच्या दुसऱ्या अंगाला संत थॉमसच्या टेकडीवर त्यांनी रक्तसाक्ष दिली असे श्रद्धावंत मानतात. जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास न ठेवणारा हा प्रेषित. कबरीपाशी ती माउली बराच वेळ गुडघे टेकून होती. आम्ही तिच्या मागे उभे होतो. बोलावयाचे ते शब्द आगगाडीतच जुळवून ठेवले होते. ती उठली, पदराने डोळे पुसले, आणि आम्ही म्हणालो, "चला, जेवणाची वेळ झाली."

ट्रॅक शहरापासून दूर, बंगळूरच्या रस्त्यावर श्रीपेरुम्बुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै येथे आहे. श्रीपेरुम्बुदूर हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. २१ मे १९९१ रोजी राजीव गांधी यांची हत्या झाली तेही हेच गाव. १९५३ साली स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब आधी शोलावरम येथे, महायुद्धकालीन विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती भरवीत असे. आमच्या मुंबईतही एके काळी जुहूच्या धावपट्टीवर मोटारी धावत. धावपट्टी सरळ, वळणावर आडोसा नाही, प्रेक्षक आणि मोटार यांत अंतर थोडे. क्लबने स्वतःची जमीन घेऊन बांधलेला इरुंगाट्टुकोट्टैचा ट्रॅक १९९० साली सुरू झाला. एका फेरीची लांबी ३.७ किलोमीटर, वळणे बारा. शर्यती नसतील अशा काही दिवशी पैसे भरून हौशी माणसांनाही आपापल्या गाड्या तेथे चालविता येतात. अशा दिवशी कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, बक्षीस नसते.

सकाळी गाडीची तपासणी झाली. तपासनीस वयस्कर तमिळ गृहस्थ होते. त्यांनी बॅटरी हलवून पाहिली, चाकांचे नट पान्याने तपासले, खाली वाकून तेल गळते का ते पाहिले, आणि आरशाला लटकवलेल्या जपमाळेकडे बोट दाखविले. गाडीत सुटे काही चालणार नाही. मिस्त्रीने आमच्याकडे पाहिले. आम्ही माळ काढून त्याच्या आईच्या हाती दिली. डॅशबोर्डला घट्ट चिकटवलेले संत ख्रिस्तोफरचे पदक मात्र राहू दिले. (१९६९च्या दिनदर्शिका-सुधारणेत ख्रिस्तोफर यांना संतपदावरून काढून टाकले, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती खरी नाही; त्यांचा सण तेवढा सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळून स्थानिक ख्रिस्तसभांवर सोपविला आहे. मोटारचालकांच्या पाठीराख्या म्हणून पोप पायस अकरावे यांनी १९२५ साली रोमच्या संत फ्रान्सिस्का यांना नेमले आहे, हेही फार थोड्यांना ठाऊक असते.)

मग झेंड्यांचा वर्ग. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा, कोणालाही ओलांडू नका. लाल म्हणजे सर्वांनी सावकाश आत परत या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे, तिला जाऊ द्या. काळा म्हणजे तुम्हीच आत या, तुमच्याशी बोलायचे आहे. रस्त्यावर कोणाच्या बापाचे न ऐकणारी कोनची ती तीन मुले हे सारे वहीत उतरवून घेत होती. वळणावर कडेकडेने झेंडे घेऊन माणसे उभी असतात आणि रुग्णवाहिका इंजिन चालू ठेवून थांबलेली असते, हे पाहून त्यांतला एक हळूच म्हणाला, "आपल्याकडे तर कुणीच नव्हतं."

पहिल्या सत्रात मिस्त्रीने गाडी चालविली, संथपणे, ट्रॅक पाठ करीत. दुसऱ्या सत्राच्या वेळी तो आमच्यापुढे शिरस्त्राण धरून उभा राहिला. "फादर, तुमचं लायसन आहे. तीन फेऱ्या मारा." आम्ही नाही म्हणालो. आमचे 'नाही' फार क्षीण असावे, कारण दहा मिनिटांनी आम्ही चश्म्यासकट त्या शिरस्त्राणात डोके घालण्याची धडपड करीत होतो. मिशनच्या जीपने नगर जिल्ह्यातील कच्चे रस्ते तुडविल्याचा अनुभव पाठीशी होता. तो येथे काडीचा उपयोगी पडला नाही.

पहिली फेरी भीतीत गेली. दुसऱ्या फेरीत शिक्षकाने सांगितलेले आठवले. वळण येण्यापूर्वीच, गाडी सरळ असताना, जोर लावून थोडा वेळ ब्रेक दाबावा आणि सोडून द्यावा. बाहेरच्या कडेने यावे, आतली कड गाठावी, पुन्हा बाहेर सुटावे. आणि दृष्टी बोनेटवर नव्हे, वळणाच्या शेवटाकडे ठेवावी. एक वळण तसे जमले. केवळ एक. गाडीचा भार अलगद एका बाजूस झुकला, चाके चिकटून राहिली आणि समोर सरळ रस्ता उघडला. आम्ही मोठ्याने ओरडलो. आनंदाने ओरडलो, हे कबूल केले पाहिजे. वयाची पन्नाशी उलटलेला धर्मगुरू, ज्याने शवपेटीकडे हात करून वेगाच्या मोहाचा धिक्कार केला होता, तो एकटाच त्या डब्यात बसून पोरासारखा ओरडत होता. त्या एकोणीस वर्षांच्या मुलाने रांजनोलीच्या रस्त्यावर काय अनुभवले असेल ते आम्हांला त्या क्षणी कळले, आणि तिसरी फेरी आम्ही नीट चालवू शकलो नाही.

पुढचे सत्र पुन्हा मिस्त्रीचे. आता तो वेगाने चालविणार होता. त्याची आई तोवर झाडाच्या सावलीत पाठ करून बसली होती. या वेळी उठून जाळीशी आली, माळ मुठीत. पहिल्या फेरीला झेन समोरून गेली. दुसऱ्या फेरीला मात्र ती आलीच नाही. इतर गाड्या गेल्या. ती माउली जाळीला धरून उभी होती. आम्ही घड्याळात पाहिले नाही, पण एक संपूर्ण 'प्रणाम मरिये' म्हणून झाले होते. मग आतल्या रस्त्याने, हात बाहेर काढून, अगदी बैलगाडीच्या चालीने झेन येताना दिसली.

"का रे थांबलास?" आईने विचारले.

"पाय खाली गेला थोडा. ब्रेक मऊ झाला."

"मग?"

"मग आलो परत."

तिने काही विचारले नाही. पिशवीतून ताकाची बाटली काढून त्याला दिली.

कारण शोधायला वेळ लागला नाही. भ्यालेला माणूस जोरात आणि थोडा वेळ ब्रेक दाबत नाही. हळूहळू, लांबवर दाबत राहतो. तसे केल्याने ब्रेक निवायला उसंत मिळत नाही. आमच्या तीन फेऱ्यांत आम्ही नेमके हेच केले होते. मिस्त्रीने ते आम्हांला सांगितले नाही. तापलेल्या पुढच्या चाकाकडे आणि आमच्याकडे पाहून दुसरीकडे वळला. आम्हीच शिक्षकांना विचारले तेव्हा त्यांनी हसत समजावून दिले. हसण्यासारखे आम्हांला काही वाटले नाही. आम्ही तापवून ठेवलेल्या ब्रेकवर तो मुलगा गेला होता.

तापलेल्या गाडीला हँडब्रेक लावत नाहीत. चाकांना दगड लावून ती निवू दिली. दुपार उतरल्यावर पुन्हा एअर काढावयाची होती. मुले वडिलांबरोबर ट्रकमधून ऑइलचा डबा आणायला गेली होती. मिस्त्री चाकाशी बसला. पाय दाबायला कोण? आम्ही पुढे झालो तर आई आधीच आसनावर जाऊन बसली होती, लुगडे सावरून, दोन्ही हात स्टिअरिंगवर. जन्मात ती त्या जागी कधी बसली नव्हती.

आम्ही दरवाज्याशी उभे राहिलो. आगगाडीत जुळविलेले शब्द आता एकही आठवेना.

"ताई," आम्ही म्हणालो, "त्या दिवशी आम्ही बोललो ते चुकलं. त्याच्यासमोर बोलायला नको होतं. आज तर तुमच्या दुसऱ्या मुलालाही आम्ही..."

तिने आमच्याकडे पाहिले. मग खाली, पायांकडे पाहिले.

"फादर, यातला ब्रेक कोणता ते सांगा आधी."

"मधला," आम्ही म्हणालो.

"दाब आई," चाकापाशून आवाज आला. "धर. धरून ठेव. आता सोड."

तिने सोडला. पुन्हा दाबला. पंधरा-वीस वेळा असे झाल्यावर ती म्हणाली, "आता घट्ट लागतोय," आणि आम्ही वाकून तिच्या पायाखालचा तो पेडल हाताने दाबून पाहिला. खरोखरच घट्ट लागत होता.